पुस्तकातलं पेट्रोल आणि कंपनीचं पेट्रोल

दादाने विमान उतरवलं ते धनजच्या, म्हणजे आमच्या मामाच्या गावच्या, शिवारात. पुढे कितीतरी वर्षं लोक म्हणत राहिले, की तो मुद्दाम आपल्या मुलखात उतरला. त्यात खरं एवढंच होतं, की इंजिन बंद पडलं तेव्हा खाली कुठे सपाट रान आहे हे त्याला नकाशा न बघता माहीत होतं. लहानपणी सुट्टीत आम्ही दोघं त्या रानात बोरं वेचत हिंडलो होतो. तिथे विहीर कुठे, बाभळी कुठे, नाला कुठून वळतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

आम्ही दोघंच भावंडं. वडील कारंज्याला शाळामास्तर होते. आई लवकर गेली आणि दादा अमरावतीला कॉलेजात असताना वडीलही गेले. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तेव्हा तो शिक्षण सोडून विमानदलात भरती झाला. लढाई संपल्यावर एका खाजगी कंपनीत लागला. लढाईतली जुनी, दोन इंजिनांची मालवाहू विमानं विकत घेऊन, त्यांत खुर्च्या बसवून मुंबई-नागपूर अशी उतारूंची ने-आण ती कंपनी करायची. माझं लग्न इंझोरीत झालं होतं. घरची शेती, सासू-सासरे वारलेले, आमचे हे मॅट्रिकपर्यंत शिकलेले. दादाचं लग्न व्हायचं होतं. रजा मिळाली की तो माझ्याकडेच यायचा. मी धाकटी, तरी तो मला ताईच म्हणायचा.

त्या वर्षी होळीला तो आला तेव्हा त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ताटावर बसला की घास हातात घेऊन थांबायचा. ह्यांनी विचारलं, तेव्हा त्याने आधी टाळलं. मग दुसऱ्या दिवशी, मी स्टोव्हवर चहा ठेवला होता, तेव्हा आपणहूनच सांगायला लागला.

इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र होऊन जळतं, हे त्याने आम्हाला आधी सांगितलं. पेट्रोल किती आणि हवा किती, हे वैमानिकाच्या हाताशी असलेल्या एका दांडीने कमीजास्त करता येतं. विमान सरळ, आरामात चाललं असेल तर पेट्रोल थोडं कमी केलं, मिश्रण पातळ केलं, तरी चालतं. पण विमान वर चढत असेल, इंजिनाला जोर लागत असेल, तेव्हा पेट्रोल जास्तच द्यावं लागतं. ते सगळं जळत नाही, पण त्याच्यानेच इंजिन थंड राहतं. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी आपल्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलं होतं, की चढताना मिश्रण पातळ करू नका.

"मंग?" हे म्हणाले.

"मंग काय, जवाईबुवा. कंपनीनं नवा हुकूम काढला. एका उंचीच्या वर गेलं की दांडी मागं घ्या, पेट्रोल कमी करा. मंग पुढं चढा का उतरा, दांडीले हात लावू नका."

"काहून पन?"

"पेट्रोल वाचते."

"अन् इंजिन?"

"तापते."

ह्यांना ते पटेना. ते म्हणाले, "तुमी पुस्तकापरमानं चालवा ना. वरतं कोन पाहून राह्यलं?"

दादा हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "पेट्रोलच सांगते ना. उतरल्यावर टाकीत सळई टाकून पाह्यतात. हापिसात फळा लावला हाय, कोनं किती जाळलं त्याचा. ज्याचं नाव वर, त्याले महिनाअखेर बोलावतात. मले दोनदा बोलावलं."

त्याने आपल्या मोठ्या साहेबांना, म्हणजे कंपनीच्या मुख्य वैमानिकाला, भेटून सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, लिहूनही दिलं होतं. साहेब स्वतः लढाईत विमान चालवलेला माणूस. त्याने दादाला चहा पाजला आणि म्हणाला, पुस्तक लिहिणारे अमेरिकेत बसून साऱ्या जगासाठी लिहितात, वकिलाला विचारून लिहितात. आपण ही विमानं रोज चालवतो, आपल्याला जास्त कळतं. लढाईत तर याहूनही पातळ मिश्रणावर आपण उडलोच ना? दादा म्हणाला, लढाईत उडलो, कारण तेव्हा काही जण परत आले नाहीत तरी चालत होतं. साहेबाला ते आवडलं नाही.

"अन् हुकुमाच्या खाली एक ओळ हाय," दादा म्हणाला. "विमानाची अन् उतारूंची सारी जबाबदारी वैमानिकाचीच राहीन म्हनून. वरच्या ओळीत हात बांधले, खालच्या ओळीत मान अडकवली."

मी म्हणाले, "सोड मंग ते नोकरी. घरी ये."

"सोडून काय होईन, ताई? माह्या जागी दुसरा बसन. लढाईतून आलेले किती पोट्टे बेकार हिंडून राह्यले मुंबईत. विमान तर उडनच."

चहा उतू गेला. मी फडकं घेऊन स्टोव्ह पुसायला लागले आणि तो विषय तिथेच राहिला. रंगपंचमी झाल्यावर तो गेला.

वैशाखात ते घडलं. आमच्याकडे त्या दिवशी शेजारणी शेवया करायला जमल्या होत्या. अंगणात बाजेवर शेवया वाळत होत्या आणि आभाळ भरून आलं म्हणून आम्ही घाईने सगळं आत नेत होतो. उन्हाळ्यात आमच्याकडे अचानक वारा सुटतो, धूळ उठते, ढग गडगडतात. त्याला आम्ही वावधन म्हणतो. ते येऊन गेलं, पाणी मात्र पडलं नाही. नंतर कारंज्याहून सरकीची गाडी घेऊन आलेला आमचा गडी दारातूनच ओरडला, "वयनी, धनजले इमान पडलं म्हंते! समदा बजार तिकडंच पयून राह्यला!"

विमानं तर कितीकांची असतात. पण मी होते तशी अंगणात येऊन उभी राहिले. हे वावरातून आले, त्यांनी दमणीला बैल जुंपले आणि आम्ही निघालो. कारंज्याला एका ओळखीच्या जैन कापड दुकानदाराच्या दारात गाडी थांबवून ह्यांनी विचारलं, तर तो दुकानाच्या पायऱ्या उतरून जवळ आला आणि म्हणाला, "तुमचे मेहुणे जिते आहेत. तेवढं मला पक्कं समजलं. पुढचं मला काही माहीत नाही." त्याने माझ्यासाठी पाणी आणवलं. मी पेला तसाच परत दिला.

धनजला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दुरूनच ते विमान दिसलं. नांगरलेल्या काळ्या रानात पोटावर पडलेलं, एक पंख जमिनीत रुतलेला, दुसरा आभाळाकडे. भोवती जत्रा भरल्यासारखी माणसं. मला ते बघायचं नव्हतं. आम्ही सरळ मामाच्या घरी गेलो. मामा हयात नव्हते, मामी होती. ओसरीत दादा बसला होता. डाव्या हाताला कामट्या बांधलेल्या, कपाळावर मामीच्या लुगड्याची चिंधी. दोन शिपाई जोत्याखाली उभे होते. उतारूंना लॉरीत घालून अमरावतीला नेलं होतं. मार सगळ्यांना लागला होता, पण जीव कोणाचा गेला नव्हता. सहवैमानिकही त्यांच्याबरोबर गेला होता. दादाला मात्र फौजदाराने थांबवून ठेवलं होतं.

मी त्याच्याजवळ बसले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक बाई मेली, ताई. पऱ्हाट्या वेचत होती."

मामीने मला आत नेऊन सांगितलं. गावातलीच लेकुरवाळी बाई. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा भारा डोक्यावर घेऊन ती बांधाने घरी येत होती. विमान आलेलं बघून भारा टाकून पळाली, आणि जिकडे पळाली तिकडेच विमान घसरत आलं.

नेमकं काय झालं ते दादाने नंतर हळूहळू, तुकड्यातुकड्याने सांगितलं. नागपूरहून मुंबईकडे निघाले होते. हुकमाप्रमाणे एका उंचीवर त्याने मिश्रण पातळ केलं. पुढे वावधनाचे ढग दिसले. त्यांच्यावरून जायला त्याला आणखी चढावं लागलं. उष्मा, विमान भरलेलं, इंजिनाला जोर. हुकूम होता, की दांडीला हात लावायचा नाही. उजव्या इंजिनाचा तापाचा काटा वर सरकायला लागला तेव्हा त्याने हुकूम बाजूला ठेवून दांडी पुढे ढकलली, पेट्रोल वाढवलं. पण तोवर इंजिन आतून फुटलं होतं. सगळं तेल वाहून गेलं. एका इंजिनावरही ते विमान उडू शकतं. पण बंद इंजिनाचा पंखा वाऱ्यावर गरगर फिरत राहिला तर तो विमानाला मागे ओढतो. त्याची पाती वळवून तो थांबवायला तेल लागतं, आणि तेलच उरलं नव्हतं. विमान हळूहळू खाली यायला लागलं. मग त्याला धनजचं रान आठवलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा एक माणूस मोटारीतून आला. त्याने दादाची विचारपूस केली, आमची केली, मामीला नमस्कार केला. मग दादाला बाजूला नेऊन म्हणाला, चौकशी होईपर्यंत तुम्ही कामावर नाही, आणि कोणाशी काही बोलायचं नाही. विमानाकडे जाऊन त्याने पहिल्यांदा आतली सगळी कागदपत्रं गोळा केली. फौजदाराने जबानी लिहून घेतली आणि दादाला जाऊ दिलं. आम्ही त्याला इंझोरीला घेऊन आलो.

अकोल्याचे एक वकील आमच्या ओळखीचे होते. त्यांनी दादाला एकच गोष्ट निक्षून सांगितली. त्या बाईच्या घरी जायचं नाही. गेलात तर तुम्ही चूक कबूल केली असा अर्थ काढतील. दादाने मान हलवली. पाऊस लागला, पेरण्या झाल्या. हाताच्या कामट्या सोडल्या तरी तो बोटं नीट मिटू शकत नव्हता. तो सकाळी ह्यांच्याबरोबर वावरात जायचा, बांधावर बसून राहायचा आणि ह्यांच्याबरोबरच परत यायचा. गावातले लोक भले. पण ते विचारायचेच. "काहून हो, इमान पडते तवा आंदी आवाज येते काय?" कोणी म्हणे, "तुमच्या हातून झालं म्हंतात, खरं हाय काय?" त्यांना वाईट हेतू नसायचा. पीक कसं आहे हे विचारावं तसं ते विचारायचे. दादा उत्तर द्यायचा प्रयत्न करायचा. मिश्रण, दांडी, पुस्तक, हुकूम. समोरचा थोडा वेळ ऐकायचा आणि म्हणायचा, "पन चालवत तर तुमीच होते ना?"

पोळ्याच्या आधी एक दिवस तो म्हणाला, "ताई, मी धनजले जातो. तू येतं काय?"

मी वकिलांच्या सांगण्याची आठवण करून दिली नाही. ह्यांनीही नाही. आम्ही गेलो.

त्या बाईचं घर गावाच्या टोकाला होतं. नवरा अंगणात बैलाची वेसण वळत बसला होता. थोडीशी कोरडवाहू जमीन असलेला माणूस. सासू दारात बसलेली. दादाने आपण कोण ते सांगितलं. तो उठला, बाज टाकली आणि म्हणाला, "बसा." सासू आतून पाणी घेऊन आली, आणि आपण कोणाला पाणी दिलंय हे लक्षात आल्यावर तिथेच उभी राहून रडायला लागली.

नवऱ्याने विचारलं, "तिले आवाज आला असन ना हो? तिले एका कानानं कमी आयकू ये."

"आला असन," दादा म्हणाला. "ती पयाली."

"तुमाले दिसली?"

"दिसली."

"मंग?"

दादाने हात वर केले, जसे विमान वळवायचं सुकाणूचं चाक धरताना धरतात तसे, आणि ते तसेच राहिले. "वळवत होतो. वळलं नाई."

तो माणूस बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कंपनीचा मानूस आल्ता. त्यानं सांगतलं, इमान चालवनाऱ्याची चूक हाय म्हनून. तुमी सांगा, तुमची हाय काय?"

मला वाटलं दादा आता सगळं सांगेल. पुस्तक, हुकूम, फळा. त्या अंगणात ते सगळं कसं सांगणार? तो म्हणाला, "मले समजत नाई, भाऊ. मी खरं सांगून राह्यलो. मले समजत नाई."

"मंग आमाले कसं समजावं?" तो माणूस म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने पुन्हा वेसण हातात घेतली. आम्ही उठलो तेव्हा तो फाटकापर्यंत आला.

परतीच्या वाटेवर दादा बैलांच्या पाठीकडे बघत बसला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर शर्ट घामाने चिंब झालेला.

भाद्रपदात सहवैमानिक आला. पंचविशीचा तरुण, गिरगावातला, नुकतंच लग्न झालेलं. बूट चिखलाने भरलेले. कारंज्याहून पायी चालत आला होता. दादा त्याला बघून खरंच आनंदला. खूप दिवसांनी त्याच्या तोंडावर तसं हसू मी पाहिलं. त्याने त्याला पाय धुवायला पाणी दिलं, चहा सांगितला, त्याच्या खांद्याचं दुखणं विचारलं. तो तरुण मात्र बसेना. शेवटी दाराशी उभा राहूनच म्हणाला, "सर, मला साक्षीला बोलावलंय."

"बोलावणारच. बस ना."

"मला विचारणार आहेत, दांडी कोणी मागे घेतली, कोणाच्या हुकमाने घेतली. ऑफिसात बोलावून त्यांनी सांगितलंय. मी म्हणायचं, मला आठवत नाही. डोक्याला मार लागला होता, आठवत नाही."

"तुला आठवतं का?"

तो रडायला लागला. "सगळं आठवतं, सर. तुम्ही दांडी पुढे ढकलताना काय म्हणालात तेही आठवतं."

आत चुलीपुढे माझ्या हातातली भाकर तशीच राहिली. मला वाटत होतं, दादाने त्याला धरून हलवावं. म्हणावं, की तू सांगितलंस तरच कोणीतरी ऐकेल. ह्यांची मूठ वळलेली मला दिसत होती. दादा म्हणाला, "तुझी नोकरी आहे. घरी बायको आहे. तुला काय सांगू मी? तू सांगितलंस तरी ते म्हणतील, कॅप्टन तर हाच होता." मग मला हाक मारली, "ताई, ह्याले जेवाले वाढ."

मी वाढलं. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वर तेल. तो मान खाली घालून जेवला. त्याला दुसरी भाकर वाढताना मला त्याचा फार राग आला होता. पण तो ताटावर डोळे पुसत जेवत होता. राग तरी कोणावर धरायचा?

चौकशी दिवाळीनंतर नागपूरला झाली. एका सरकारी इमारतीतल्या मोठ्या खोलीत. ह्यांच्याबरोबर मीही गेले होते, मागच्या बाकावर बसले होते. सगळं इंग्रजीत चाललं होतं. हे मला हळू आवाजात जेवढं समजेल तेवढं सांगायचे, आणि राहिलेलं वकील बाहेर आल्यावर सांगायचे.

पहिल्यांदा इंजिन बनवणाऱ्यांचं पत्र वाचून दाखवलं. त्यात त्यांनी म्हटलं होतं, की चढताना असं पातळ मिश्रण वापरायला आम्ही कधीच सांगितलेलं नाही. मी ह्यांच्या बाहीला धरलं. मला वाटलं, संपलं, दादा सुटला. मग मोठे साहेब उभे राहिले. ते म्हणाले, कंपनीचा हुकूम म्हणजे सर्वसाधारण सूचना होती. आकाशात काय करायचं हे शेवटी कॅप्टननेच ठरवायचं असतं, आणि तसं त्या हुकमात खाली लिहिलेलंच आहे. फळ्याबद्दल आमच्या वकिलांनी विचारलं, तर म्हणाले, तो वैमानिकांत चढाओढ लागावी म्हणून होता, शिक्षेसाठी नाही. महिनाअखेर बोलावून काय सांगत होता? गप्पा मारत होतो, चहा पीत होतो. ते खोटं बोलत आहेत असं वाटत नव्हतं. त्यांच्या आवाजात खंत होती. जाता-येता ते दादाकडे बघत होते, जुन्या दोस्ताकडे बघावं तसे.

सहवैमानिक आला. आठवत नाही म्हणाला. दोनदा विचारलं, दोनदा म्हणाला. दादा त्याच्याकडे बघत नव्हता, त्याला अवघड होऊ नये म्हणून खिडकीकडे बघत होता.

मग दादाला उभं केलं. कंपनीचे बॅरिस्टर फार सभ्यपणे बोलत होते. त्यांनी दादाने साहेबांना लिहून दिलेला तो कागद काढला, होळीच्या आधीचा. आमच्या वकिलांना तो मिळत नव्हता. आता कंपनीनेच तो आणला होता. बॅरिस्टरांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. चढताना पातळ मिश्रण ठेवलं तर इंजिन फुटेल आणि माणसं मरतील, असं दादाने त्यात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

"हे तुमचं अक्षर?"

"हो."

"म्हणजे यात धोका आहे हे तुम्हाला आधीपासून पक्कं माहीत होतं."

"हो. म्हणून तर लिहिलं."

"आणि माहीत असूनही त्या दिवशी तुम्ही तसंच केलं."

"कंपनीचा हुकूम होता."

"हुकमापेक्षा माणसांचा जीव मोठा, हे तुम्हाला मान्य आहे?"

दादा म्हणाला, "मान्य आहे."

"इंजिन तापल्यावर तुम्ही दांडी पुढे ढकलली. म्हणजे हुकूम मोडणं तुमच्या हातात होतं. मग आधीच का मोडला नाही?"

अध्यक्षांनी त्याला दोनदा आठवण करून दिली, की उत्तर द्यावं लागेल. शेवटी तो म्हणाला, "रोज मोडला असता तर आज मी इथे नसतो, साहेब. माझ्या जागी दुसरा असता." अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. बॅरिस्टर नम्रपणे म्हणाले, "धन्यवाद," आणि बसले.

ह्यांनी मला ते सगळं सांगितलं तेव्हा मला आधी समजलंच नाही. मी म्हणाले, "पन त्यानं तर धोका हाय म्हनून सांगतलं होतं. ते चांगलंच झालं ना?" मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं. ज्यांना धोका दिसलाच नाही ते सगळे सुटले होते. ज्याला दिसला, तो सापडला होता.

निकाल थंडीत आला. वैमानिकाने धोका माहीत असताना योग्य निर्णय वेळेवर घेतला नाही, सबब त्याचा परवाना रद्द करावा. कंपनीसाठी शेवटी एक वाक्य होतं, की तिने आपल्या सूचना इंजिन बनवणाऱ्यांच्या शिफारशींशी पडताळून पाहाव्यात. फौजदारी खटला भरला नाही, एवढंच. वकील म्हणाले, वर अर्ज करता येईल. केला. त्याचं उत्तर कधीच आलं नाही. मी आमच्या गड्याला पोस्टात पाठवून पाठवून थकले. मग दादाच म्हणाला, "नको पाठवू त्याले. त्याचे पाय दुखतात."

दादा पुढे कारंज्याच्या शाळेत गणित शिकवायला लागला. लग्न केलं, उशिराच. वहिनी साधी, हसरी होती. तिने त्याला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही, आणि त्यानेही तिला फारसं काही सांगितलं नसावं. कंपनीने तो हुकूम मागे घेतला, असं कानावर आलं. कोणी सांगितलं ते आता आठवत नाही. दादाला मी ते सांगितलं, तर तो फक्त "बरं झालं" म्हणाला.

एकदा मात्र मी त्याला विचारलं होतं. कारंज्याला त्याच्या घरी गेले होते, तो मुलांच्या वह्या तपासत बसला होता. मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी तू पहिल्यापासून पुस्तकापरमानं चालवलं असतं तर?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "तर इंजिन टिकलं असतं. ती बाई घरी गेली असती. महिनाअखेर मले बोलावून घरी पाठवलं असतं. मंग ते विमान दुसऱ्या कोनाच्या हाती गेलं असतं, तो कंपनीपरमानं चालवत राह्यला असता." मग म्हणाला, "कुठंतरी पडलंच असतं. धनजले नाई, दुसरीकडं."

"मंग तू काय करायले पाह्यजे होतं?"

मला वाटलं, त्याच्याकडे याचं उत्तर असेल, इतकी वर्षं त्याने शोधलं असेल. त्याने नुसती मान हलवली आणि म्हणाला, "तुले काही सुचलं तर सांग मले."

मी विचार केला. खरंच केला, तिथेच बसून. वहिनी चहा घेऊन आली तरी मला काही सुचलं नव्हतं.